गेल्या वर्षीची फाइल उघडून तारीख बदलणं थांबवा: वर्ड-एक्सेलचे टेम्प्लेट ठेवायचे कुठे आणि वापरायचे कसे

सप्टेंबर उजाडला की मुंबईतल्या गृहनिर्माण सोसायट्यांच्या ऑफिसांत एकच घाई असते. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० तारखेच्या आत उरकायची आणि तिची सूचना त्याआधी पूर्ण चौदा दिवस सभासदांच्या हातात पडायला हवी. मग गेल्या वर्षीची सूचना उघडली जाते, तारीख बदलली जाते आणि बोटं सवयीने कंट्रोल-एस दाबतात. झालं. गेल्या वर्षीची सूचना गेली. कागदावर एखादी प्रत फाइलला लावलेली असली तर नशीब.

आठवणीने ‘सेव्ह ॲज’ करणारेही सुटत नाहीत. वरची तारीख बदलते, पण दुसऱ्या पानाच्या तळटीपेतलं आर्थिक वर्ष तसंच राहतं. विषयपत्रिकेतल्या पाचव्या मुद्द्यात आधीच्या लेखापरीक्षकांचं नाव राहून जातं. पीडीएफ करून ग्रुपवर टाकली की कोणीतरी ती ब्राउझरमध्ये उघडतं आणि टॅबवर भलतंच शीर्षक दिसतं, कारण तिथे बऱ्याचदा फाइलचं नाव दिसत नाही, फाइलच्या गुणधर्मांत साठवलेलं टायटल दिसतं. ते कधीकाळी कोणी टाकलं होतं ते टाकलं होतं. प्रत्येक सेव्ह ॲजबरोबर तेच पुढे येत राहतं.

टेम्प्लेट, म्हणजे ज्यावरून दर वेळी नवी प्रत काढता येते असा कायमचा नमुना, हे टाळण्यासाठीच असतं, आणि ते असतं हे बहुतेकांना माहीतही असतं. पण एकदा हौसेने बनवलेलं टेम्प्लेट पुढच्या वेळी सापडत नाही, म्हणून लोक पुन्हा जुन्या फाइलकडे वळतात. त्यामुळे टेम्प्लेट बनवण्याइतकंच, किंबहुना जास्तच, ते कुठे ठेवलं आणि कसं उघडलं याला महत्त्व आहे. आधी तेच पाहू. उदाहरणं सोसायटीची घेतली आहेत. दवाखाना, क्लास, वकिलांचं किंवा सीएंचं ऑफिस यांनाही हेच सगळं लागू पडतं.

फाइल आणि टेम्प्लेट

वर्डच्या साध्या फाइलच्या नावामागे टिंब देऊन डीओसीएक्स ही अक्षरं असतात, टेम्प्लेटमागे डीओटीएक्स. मॅक्रो (कामं आपोआप करून घेणाऱ्या साठवलेल्या आज्ञा) असलेलं टेम्प्लेट असेल तर डीओटीएम. विंडोज ही शेपटी लपवून ठेवतं, म्हणून आधी ती दिसेल असं करून घ्या: फाइल एक्सप्लोररमध्ये व्ह्यू, मग शो, मग ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’वर खूण. एवढ्यानेच अर्धा गोंधळ मिटतो.

फरक फक्त नावाचा नाही, उघडण्याचाही आहे. विंडोजमध्ये टेम्प्लेटवर डबल-क्लिक केलं की टेम्प्लेट उघडत नाही. त्याची एक नवी, बिननावाची प्रत उघडते आणि खिडकीच्या वर ‘डॉक्युमेंट १’ असं काहीसं दिसतं. कंट्रोल-एस दाबलं तर वर्ड नाव विचारतं, त्यामुळे मूळ टेम्प्लेटला धक्का लागत नाही. टेम्प्लेटच दुरुस्त करायचं असेल तर त्यावर राइट-क्लिक करून ‘ओपन’ म्हणायचं, किंवा वर्डमधून फाइल, ओपन या वाटेने उघडायचं. मग वर टेम्प्लेटचं स्वतःचं नाव दिसतं. मोदकाच्या साच्यासारखंच हे: रोज साच्यातून मोदक काढायचे, साच्याला हात लावायचा तो फक्त साचाच बदलायचा असेल तेव्हा. वरचं नाव पाहायची सवय लागली की चूक होत नाही.

‘मी टेम्प्लेट बनवलं, तरी ते बदलतं’ ही तक्रार जिथे जिथे ऐकू येते, तिथे एकतर ती फाइल साधी डीओसीएक्सच असते (नावात ‘टेम्प्लेट’ लिहिल्याने काही होत नाही), नाहीतर ती रोज वर्डच्या ओपनमधून किंवा ‘रीसेंट’ यादीतून उघडली जात असते. टेम्प्लेट एकदा दुरुस्तीसाठी उघडलं की ते रीसेंट यादीत येऊन बसतं, आणि दुसऱ्या दिवशी कोणीतरी तिथूनच ते उघडून त्यात पत्र लिहून टाकतं. दुरुस्ती झाली की त्या यादीतलं नाव राइट-क्लिक करून काढून टाका.

ठेवायची जागा

ऑफिस २०१३ पासून वर्ड, एक्सेल आणि पॉवरपॉइंट तुमच्या टेम्प्लेट्ससाठी ‘डॉक्युमेंट्स’मधला ‘कस्टम ऑफिस टेम्प्लेट्स’ हा फोल्डर वापरतात. त्यात ठेवलेली टेम्प्लेट्स फाइल, न्यू या पानावर ‘पर्सनल’ या नावाखाली दिसतात. काही मशीनवर तिथे ‘कस्टम’ असं लिहिलेलं असतं. पर्सनल दिसतच नसेल तर फाइल, ऑप्शन्स, सेव्ह इथे जा आणि ‘डिफॉल्ट पर्सनल टेम्प्लेट्स लोकेशन’ ही चौकट पाहा. ती रिकामी असली की पर्सनल दिसत नाही. चौकटीत फोल्डरचा पूर्ण पत्ता घाला; हाताने टाइप करू नका, फाइल एक्सप्लोररच्या पत्त्याच्या पट्टीतून कॉपी करून चिकटवा. एका अक्षराची चूकही इथे खपत नाही.

ही चौकट तिन्ही प्रोग्रॅमना वेगवेगळी आहे. वर्डमध्ये बदललं म्हणून एक्सेलमध्ये बदलत नाही. तिन्हींना एकच फोल्डर दिला तरी चालतं, कारण प्रत्येक जण आपापल्या प्रकारच्याच फाइली दाखवतो.

सेव्ह करतानाची एक खोच. सेव्ह ॲजमध्ये प्रकार म्हणून ‘वर्ड टेम्प्लेट’ निवडलं, की वर्ड आपणहून त्या ठरलेल्या फोल्डरमध्ये उडी मारतं. तुम्ही आधी फोल्डर निवडलात आणि मग प्रकार बदललात, तर निवडलेला फोल्डर हातून सुटतो आणि फाइल भलतीकडे जाते. म्हणून आधी प्रकार, मग फोल्डर, शेवटी नाव.

आता वनड्राइव्ह, म्हणजे मायक्रोसॉफ्टची इंटरनेटवर फाइली साठवण्याची सोय. ‘कालपर्यंत होती, आज टेम्प्लेट्स गायब’ यामागे बऱ्याचदा तेच असतं. विंडोज अधूनमधून विचारतं, तुमच्या फोल्डरचा बॅकअप घेऊ का? कोणीतरी हो म्हणतं. त्याक्षणी डॉक्युमेंट्स फोल्डरच वनड्राइव्हच्या पोटात जातो, म्हणजे त्याचा पत्ता बदलतो. पण वर्डच्या चौकटीत जुनाच पत्ता राहतो. वर्ड रिकाम्या जागी शोधत बसतं. टेम्प्लेट्स हरवलेली नसतात, फक्त घर बदललेलं असतं. नवा पत्ता चौकटीत घातला की ती परत दिसतात. आणखी एक गोष्ट इथेच करून टाका: त्या फोल्डरवर राइट-क्लिक करून ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ निवडा. नाहीतर फाइली फक्त ढगात राहतात आणि इंटरनेट बंद असेल त्या दिवशी टेम्प्लेट उघडत नाही. आणि सोसायटीच्या ऑफिसातलं इंटरनेट नेमकं सभेच्या आदल्या दिवशीच बंद पडतं, हे सांगायला नको.

हे सगळं टाळायचं असेल तर डॉक्युमेंट्सच्या बाहेर, डी ड्राइव्हवर साधासा ‘टेम्प्लेट’ नावाचा फोल्डर करा आणि तोच पत्ता द्या. बॅकअपची जबाबदारी मग तुमची, पण पत्ता तरी स्थिर राहतो. वनड्राइव्हचं फारसं काम नसलेल्या छोट्या ऑफिसांना हीच वाट बरी.

‘नॉर्मल’ नावाच्या टेम्प्लेटबद्दल दोन वाक्यं. कोरी फाइल उघडते ती त्याच्यावरूनच, आणि ते वेगळ्या, लपवलेल्या फोल्डरमध्ये असतं. त्यात लेटरहेड वगैरे घालू नका. घातलंत तर प्रत्येक कोऱ्या फाइलवर, बायकोने लिहायला घेतलेल्या वाणसामानाच्या यादीवरसुद्धा, सोसायटीचं नाव उमटेल. वर्ड विचित्र वागायला लागलं तर वर्ड बंद करून या नॉर्मलचं नाव बदलायचं, म्हणजे वर्ड नवं बनवून घेतं. पण त्यात साठवलेले मॅक्रो, ऑटोटेक्स्ट (मजकुराचे साठवलेले तुकडे) आणि शैली (स्टाइल्स, म्हणजे फॉन्ट, आकार, अंतर यांचे ठरवलेले संच) नव्यात येत नाहीत. जुनी फाइल म्हणूनच पुसायची नाही, बाजूला ठेवायची.

फोल्डर आणि नावं

टेम्प्लेटच्या फोल्डरमध्ये उपफोल्डर केले की ते पर्सनलमध्ये तसेच फोल्डर म्हणून दिसतात. अट एवढीच की आत निदान एक टेम्प्लेट हवं. एका पातळीपेक्षा खोल जाऊ नका. सोसायटीला साधारण चार उपफोल्डर पुरतात: सभा, सभासद, महापालिका, हिशोब. कागदाच्या प्रकारावरून (पत्रं, सूचना, अर्ज) फोल्डर करण्यापेक्षा कामावरून केलेले बरे, कारण कागद शोधणाऱ्याच्या डोक्यात ‘सभा आली’ एवढंच असतं. आपल्याला सूचना हवी आहे की इतिवृत्त, हे तो आत गेल्यावर ठरवतो.

नावात वेगळेपणाचा शब्द सुरुवातीला हवा. पर्सनलमध्ये टेम्प्लेट्स चौकोनांत दिसतात आणि लांब नावाचं शेपूट कापलं जातं. ‘सोसायटी पत्र - सभासद - ना हरकत - भाडेकरू’ आणि ‘सोसायटी पत्र - सभासद - ना हरकत - विक्री’ ही दोन्ही तिथे एकसारखीच दिसतील. ‘भाडेकरू ना हरकत’, ‘विक्री ना हरकत’ अशी नावं ठेवली की प्रश्न मिटतो. देवनागरी नावं बिनधास्त द्या. मात्र अर्धी नावं इंग्रजीत आणि अर्धी मराठीत ठेवू नका; क्रमवारीत इंग्रजी सगळी वर जातात आणि मराठी खाली, मग एकाच जातीची दोन पत्रं दोन टोकांना बसतात.

टेम्प्लेटच्या नावात वर्ष, ‘फायनल’, ‘नवीन’ असं काही घालायचं नाही. टेम्प्लेट एकच असतं आणि जे आहे ते चालू असतं. दुरुस्ती करण्याआधी जुन्याची प्रत ‘जुनी’ नावाच्या फोल्डरमध्ये टाका. तो फोल्डर मात्र टेम्प्लेटच्या फोल्डरबाहेर हवा. आत ठेवलात तर तोही पर्सनलमध्ये दिसेल आणि कोणीतरी नेमकं तिथलंच उचलेल.

सगळ्याच कागदांची टेम्प्लेट्स करू नका. वर्षातून एकदाच लागणारं, दर वेळी वेगळं असणारं पत्र टेम्प्लेट करण्याजोगं नसतं. आणि तीन ओळींचा एक मजकूर वेगवेगळ्या पत्रांत लागत असेल, उदाहरणार्थ बँकेचा तपशील, तर त्यासाठी वेगळं टेम्प्लेट नको. तो निवडून इन्सर्ट, क्विक पार्ट्स, ऑटोटेक्स्ट या वाटेने साठवून ठेवा.

एक टेम्प्लेट जवळून: वार्षिक सभेची सूचना

सुरुवात कोऱ्या फाइलपासून करा. जुनी सूचना उघडून तिचंच टेम्प्लेट करायचा मोह होतो. तसं केलंत तर त्या फाइलमध्ये साचलेलं वर्षानुवर्षांचं चुकीचं फॉरमॅटिंग, स्पेस दाबून केलेले समास आणि ते जुनं टायटल, सगळं टेम्प्लेटमध्ये येतं. जुन्यातला मजकूर हवा असेल तर पेस्ट करताना ‘कीप टेक्स्ट ओन्ली’ निवडा.

आधी फॉन्ट. मराठी लिहिणाऱ्यांना वर्ड सगळ्यात जास्त छळतं ते इथे. वर्ड प्रत्येक शैलीत दोन वेगवेगळे फॉन्ट ठेवतं: एक रोमन अक्षरांसाठी आणि दुसरा ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’साठी. देवनागरी दुसऱ्या गटात मोडते. आकार आणि ठळकपणाही दोघांचे स्वतंत्र. म्हणूनच शैलीत आकार १४ केला तरी मराठी मजकूर ११ वरच अडून बसतो. तुम्ही बदललेला आकार रोमन अक्षरांचा असतो. उपाय असा: फाइल, ऑप्शन्स, लँग्वेज इथे मराठी ही लिहिण्याची भाषा म्हणून जोडा. मग होम टॅबवर ‘नॉर्मल’ शैलीवर राइट-क्लिक, मॉडिफाय, खाली फॉरमॅट, फॉन्ट. तिथे आता कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्सची वेगळी जागा दिसेल. फॉन्ट आणि आकार दोन्हीकडे भरा. ‘हेडिंग १’ आणि ‘हेडिंग २’ यांचंही असंच करा. निवडलेल्या मजकुराला वरवर फॉन्ट देऊन टेम्प्लेट बनवलंत, तर नवा परिच्छेद सुरू होताच जुना फॉन्ट डोकं वर काढतो.

फॉन्ट कोणता? निर्मला यूआय विंडोज ८ पासून प्रत्येक मशीनवर असतो, म्हणून तो सुरक्षित. मंगल, कोकिळा, अपराजिता हे विंडोज १० पासून आपोआप येतीलच असं नाही. सेटिंग्जमधल्या ऑप्शनल फीचर्समधून ‘देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स’ घालावे लागतात. दुसरा एखादा फॉन्ट वापरायचाच असेल तर फाइल, ऑप्शन्स, सेव्ह इथे ‘एम्बेड फॉन्ट्स इन द फाइल’वर खूण करा. फॉन्टच्या परवान्यात बसत असेल तरच तो फाइलबरोबर जातो. युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर टेम्प्लेटमध्ये अजिबात आणू नका. तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर त्याची इंग्रजी अक्षरांची भेळ होते आणि शोधही चालत नाही.

ओळींमधलं अंतर ‘एक्झॅक्टली’ ठेवलं की वरच्या वेलांट्या, मात्रा आणि रफार कापले जातात. ‘मल्टिपल’ १.१५ ठेवा, किंवा ‘ॲट लीस्ट’.

लेटरहेड. छापील लेटरहेड वापरत असाल तर टेम्प्लेटमध्ये सोसायटीचं नाव नको, फक्त जागा सोडायची. आणि तीही पहिल्याच पानावर, कारण दुसरं पान कोऱ्या कागदावर जातं. एंटर दाबत जागा सोडली तर मजकूर थोडा वाढताच सगळं सरकतं. त्याऐवजी वरचा समास २ सेंटीमीटर ठेवा. शीर्षपट्टीवर (हेडरवर, म्हणजे पानाच्या वरच्या समासातल्या जागेवर) डबल-क्लिक करून ‘डिफरंट फर्स्ट पेज’ निवडा. पहिल्या पानाच्या शीर्षपट्टीत एकच रिकामी ओळ ठेवा आणि तिचं अंतर ‘एक्झॅक्टली’ १०६ पॉइंट करा. मजकूर नसल्यामुळे इथे कापलं जाण्यासारखं काही नाही. हिशोब असा: शीर्षपट्टी कागदाच्या कडेपासून सवा सेंटीमीटरवर सुरू होते, एक सेंटीमीटर म्हणजे सुमारे २८.३५ पॉइंट, म्हणून १०६ पॉइंट म्हणजे पावणेचार सेंटीमीटर. मजकूर कडेपासून बरोबर ५ सेंटीमीटरवर सुरू होईल. शीर्षपट्टी समासापेक्षा उंच झाली की वर्ड मजकूर आपोआप खाली ढकलतं. त्याचाच हा फायदा. तुमच्या लेटरहेडची छपाई पट्टीने मोजा आणि आकडा त्याप्रमाणे बदला.

तारीख. इन्सर्ट, ‘डेट अँड टाइम’मध्ये ‘अपडेट ऑटोमॅटिकली’वर खूण असेल तर पत्र उघडाल त्या दिवसाची तारीख दाखवेल. ऑगस्टमध्ये दिलेल्या सूचनेवर डिसेंबरची तारीख येणं म्हणजे सूचना वेळेत दिली की नाही या वादाला आमंत्रण. त्याऐवजी इन्सर्ट, क्विक पार्ट्स, फील्ड इथून ‘क्रिएट डेट’ घाला. टेम्प्लेटवरून नवी फाइल निघाली त्या दिवसाची तारीख लागते आणि ती रोज बदलत नाही. मात्र फाइल नव्या नावाने सेव्ह ॲज केली की तिची निर्मितीची तारीखही नवी होते, हे ध्यानात असू द्या. सभेच्या तारखेला असं आपोआप भरणारं फील्ड नको. ती माणसानेच निवडायची.

निवडायच्या जागा ‘डेव्हलपर’ टॅबवरून करतात. तो टॅब दिसत नसेल तर वरच्या पट्टीवर राइट-क्लिक करून ‘कस्टमाइझ द रिबन’मध्ये डेव्हलपरवर खूण करा. सभेच्या तारखेसाठी डेट पिकर (कॅलेंडरमधून तारीख निवडायची चौकट), जागेसाठी साधी चौकट. चौकटीतला सूचनेचा मजकूर नीट लिहा: ‘क्लिक हिअर टू एंटर टेक्स्ट’ ऐवजी ‘सभेची तारीख निवडा (सूचनेचा आणि सभेचा दिवस सोडून मध्ये पूर्ण १४ दिवस हवेत)’. डिझाइन मोडमध्ये गेल्यावर हा मजकूर बदलता येतो. महापालिकेच्या पत्रांच्या टेम्प्लेटमध्ये विभाग कार्यालयासाठी ड्रॉप-डाउन करा: दादरला जी/उत्तर, अंधेरी पश्चिमेला के/पश्चिम, मुलुंडला टी. एकाच सोसायटीला एकच विभाग लागतो. पण चार-पाच सोसायट्यांची कामं पाहणाऱ्या मॅनेजरला ही यादी फार उपयोगी पडते.

एकच गोष्ट कागदावर तीन ठिकाणी येत असेल, जसं सोसायटीचं नाव वर, मजकुरात आणि सहीखाली, तर क्विक पार्ट्समधल्या ‘डॉक्युमेंट प्रॉपर्टी’खालचं ‘कंपनी’ तिन्ही ठिकाणी घाला. एका जागी नाव लिहिलं की बाकीच्या दोन्ही जागी आपोआप भरतं. राहून गेलेलं जुनं नाव ही भानगडच त्यामुळे संपते.

शेवटी फाइल, इन्फो इथे जाऊन ‘टायटल’मध्ये ‘वार्षिक सभेची सूचना’ असं लिहा. नव्या फाइलला नाव सुचवताना वर्ड आधी हेच टायटल घेतं आणि पीडीएफच्या टॅबवरही हेच दिसतं. मग सेव्ह ॲज, प्रकार ‘वर्ड टेम्प्लेट’, ‘सभा’ फोल्डर, नाव. वर्ड बंद करून पर्सनलमधून एकदा नवी सूचना काढा, दोन पानं भरतील एवढा मजकूर घाला आणि खऱ्या लेटरहेडवर छापून पाहा. पडद्यावर सगळं छानच दिसतं. चुका सापडतात त्या कागदावर.

एक्सेल

देखभाल शुल्काच्या बिलासाठी एक्सेलचं टेम्प्लेट, शेपटी एक्सएलटीएक्स. नियम तेच. फक्त आकड्यांचं पाहा. लाख-कोटीचे स्वल्पविराम विंडोजच्या भारतीय सेटिंगवर अवलंबून असतात. लेखापरीक्षकांच्या मशीनवर अमेरिकी सेटिंग असेल तर तुमचे १२,३४,५६७ तिथे १,२३४,५६७ असे दिसतील. सेटिंग फाइलबरोबर जात नाही, पण सेलचा फॉरमॅट जातो. म्हणून फॉरमॅट सेल्स, कस्टम इथे हे घाला:

[>=10000000]##\,##\,##\,##0;[>=100000]##\,##\,##0;##,##0

उणे आकड्यांना हा लागू पडत नाही. थकबाकी उणे दाखवत असाल तर तो स्तंभ वेगळा ठेवा. आकडे देवनागरीत हवे असतील तर [$-4000439]0 हा फॉरमॅट. बिलावर तो शोभतो; बेरजा मात्र साध्या फॉरमॅटच्या पानावर ठेवलेल्या बऱ्या.

टेम्प्लेटमध्ये सभासदांची नावं आणि रकमा ठेवू नका. सूत्रं, स्तंभांची रुंदी, छपाईचं क्षेत्र एवढंच राहू द्या.

लिब्रेऑफिस

लायसन्सचे पैसे वाचवायला पुष्कळ ऑफिसं लिब्रेऑफिस वापरतात, आणि टेम्प्लेट सांभाळण्यात ते वर्डपेक्षा उजवं आहे असं म्हणायला हरकत नाही. फाइल, टेम्प्लेट्स, ‘सेव्ह ॲज टेम्प्लेट’ म्हटलं की ते गट विचारतं. गट म्हणजेच आपले उपफोल्डर. कंट्रोल-शिफ्ट-एनने सगळी टेम्प्लेट्स समोर येतात आणि तिथूनच राइट-क्लिक करून दुरुस्तही करता येतात. स्वतःचा फोल्डर वापरायचा असेल तर टूल्स, ऑप्शन्स, लिब्रेऑफिस, पाथ्स इथे टेम्प्लेट्सच्या ओळीत तो जोडा. त्यातले उपफोल्डर गट म्हणून दिसतात.

टेम्प्लेटमधली शैली बदललीत, तर त्यावरून काढलेली जुनी फाइल उघडताना ते विचारतं: शैली नव्या करू का, जुन्या राहू देऊ? ‘जुन्या राहू दे’ म्हटलं की त्या फाइलचा टेम्प्लेटशी संबंध तुटतो आणि ते पुन्हा विचारत नाही. घाईत बटण दाबू नका.

मराठीसाठी ऑप्शन्समधल्या भाषेच्या पानावर ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ चालू करा, म्हणजे शैलीत देवनागरीच्या फॉन्टची वेगळी जागा दिसते. वर्डची टेम्प्लेट्स लिब्रेऑफिसमध्ये उघडतात. ड्रॉप-डाउन आणि डेट पिकर असतील तर मात्र ७.४ किंवा त्यानंतरची आवृत्ती वापरा. त्याआधीच्या आवृत्त्यांना त्या चौकटी नीट कळत नाहीत.

गूगल डॉक्स

साध्या जीमेल खात्यावर स्वतःची टेम्प्लेट गॅलरी मिळत नाही. ती वर्कस्पेस (गूगलची संस्थांसाठीची) खात्यांची सोय आहे. त्यावर एक तोडगा चालतो: नमुन्याच्या फाइलच्या लिंकमध्ये शेवटी ‘एडिट’ हा शब्द असतो, त्यापासून पुढचं सगळं पुसून तिथे इंग्रजीत ‘कॉपी’ लिहा. ती लिंक उघडणाऱ्याला थेट ‘मेक अ कॉपी’चं बटण दिसतं, मूळ फाइल नाही. शेअरिंग मात्र फक्त पाहण्यापुरतंच द्या.

दोघं-तिघं वापरत असतील तर

सेक्रेटरी, खजिनदार आणि मॅनेजर अशी तीन मशीनं असतील तर तिघांकडे तीन प्रती ठेवू नका. सहा महिन्यांत त्या तीन वेगळ्या होतात. वर्डमध्ये फाइल, ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड, अगदी खाली ‘फाइल लोकेशन्स’, तिथे ‘वर्कग्रुप टेम्प्लेट्स’. त्याला सामाईक फोल्डरचा पत्ता द्या. बदल करण्याची परवानगी एकाच माणसाकडे ठेवा, बाकीच्यांना फक्त वाचण्याची.

सामाईक फोल्डरवरच्या टेम्प्लेटवरून काढलेली फाइल त्या टेम्प्लेटचा पत्ता आत साठवून ठेवते. पुढे तो सर्व्हर बंद झाला किंवा फोल्डरचं नाव बदललं, की जुन्या फाइली उघडायला विनाकारण वेळ लागतो. वर्ड नसलेला पत्ता शोधत असतं. डेव्हलपर टॅबवरच्या ‘डॉक्युमेंट टेम्प्लेट’मध्ये जाऊन तिथे नॉर्मल घातलं की फाइल पुन्हा झटकन उघडते. त्याच खिडकीत ‘ऑटोमॅटिकली अपडेट डॉक्युमेंट स्टाइल्स’ असं एक खूण करायचं घर आहे. ते रिकामंच ठेवा, नाहीतर टेम्प्लेट बदलल्यावर सही झालेल्या जुन्या पत्रांचं रूपही बदलेल. ते रिकामं असो वा नसो, टेम्प्लेटच्या मजकुरातला बदल जुन्या फाइलींत कधीच जात नाही. टेम्प्लेटमध्ये सोसायटीचा नवा पत्ता घातला, तर तो यापुढच्या पत्रांवरच दिसणार.

व्हॉट्सॲपवर किंवा ईमेलने आलेलं टेम्प्लेट तिथूनच उघडून वापरू नका. आधी डाउनलोड करून फोल्डरमध्ये ठेवा. त्यात मॅक्रो असतील तर २०२२ पासून ऑफिस इंटरनेटवरून आलेले मॅक्रो आपोआप अडवतं. पाठवणारा नक्की ओळखीचा असेल आणि मॅक्रो कशासाठी आहे हे कळलं असेल, तरच फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘अनब्लॉक’ करा. सोसायटीच्या कामाला मॅक्रो क्वचितच लागतो.

मशीन बदलताना

समिती बदलते, लॅपटॉप बदलतो. नव्या मशीनवर टेम्प्लेटचा फोल्डर न्यायचं बहुतेकांच्या ध्यानात येतं, पण साठवलेले क्विक पार्ट्स मागे राहतात. विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबा, येणाऱ्या चौकटीत इंग्रजीत परसेंटचं चिन्ह, ‘ॲपडेटा’ आणि पुन्हा परसेंटचं चिन्ह असं लिहून एंटर दाबा. उघडणाऱ्या फोल्डरमध्ये मायक्रोसॉफ्ट, त्यात ‘टेम्प्लेट्स’ (इथे नॉर्मल आणि ऑटोटेक्स्ट), ‘डॉक्युमेंट बिल्डिंग ब्लॉक्स’ (इथे बाकीचे क्विक पार्ट्स), आणि एक्सेलच्या फोल्डरातला ‘एक्सएलस्टार्ट’ (इथे एक्सेलबरोबर आपोआप उघडणाऱ्या फाइली). ही तिन्ही पेन ड्राइव्हवर घ्या. कॉपी करताना वर्ड आणि एक्सेल पूर्ण बंद हवेत. आउटलुकसुद्धा, कारण मेल लिहिताना ते वर्डचाच वापर करतं. नव्या मशीनवर फाइली जागच्या जागी ठेवल्यावर तिन्ही प्रोग्रॅमच्या ऑप्शन्समध्ये पर्सनल टेम्प्लेट्सचा पत्ता पुन्हा भरायचा असतो. तो फाइलींबरोबर येत नाही.